दोन नॅनोसेकंद कोण देणार? आरजीएमआयआय डिलेची मांडणी लिनक्स ड्रायव्हरमध्ये कशी करायची

नवा बोर्ड बूट झाला. कन्सोलवर लिंक अप, १००० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स असं छापून आलं. पोर्टवरचे दिवेही लुकलुकताहेत. पिंग मात्र जात नाही. केबल बदलली, स्विच बदलला, आयपी पत्ता तपासला, तरी तेच. मग कोणीतरी सुचवतं की डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरचं हार्डवेअर कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, फाय-मोड बदलून बघ. चार पर्याय आहेत, आळीपाळीने टाक आणि ज्यावर पिंग जाईल तो ठेव.

ही पद्धत माझ्या मते घातक आहे, कारण ती बहुतेक वेळा चालते. चालली की माणूस पुढच्या कामाला लागतो, आणि वर्षभराने कर्नल अपग्रेड केला की तेच नेटवर्क पुन्हा मरतं. डिले म्हणजे क्लॉक डेटापेक्षा मुद्दाम जितका मागे ठेवतात तो वेळ, आणि तो चाचपडून शोधायचा आकडा नाही. बोर्डावर कोण किती डिले देतो याचा आधी कागदावर हिशेब करायचा आणि मग तोच ड्रायव्हरला सांगायचा, असा हा क्रम आहे. खालची कृती लिनक्ससाठी आहे. नावं इथे देवनागरीत आहेत. फाइलमध्ये टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची.

दोन नॅनोसेकंद येतात कुठून

मॅक म्हणजे प्रोसेसरच्या आतला इथरनेट कंट्रोलर आणि फाय म्हणजे केबलच्या बाजूची ट्रान्सीव्हर चिप. या दोघांना जोडणाऱ्या आरजीएमआयआय या इंटरफेसच्या १२ तारा असतात. जाण्यासाठी सहा (क्लॉक, चार डेटा आणि एक कंट्रोल) आणि येण्यासाठी तशाच सहा. गिगाबिटला क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन ८ नॅनोसेकंदांचं. डेटा चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर बदलतो, त्यामुळे प्रत्येक निबलच्या (चार बिटांच्या) वाट्याला फक्त ४ नॅनोसेकंद येतात.

मूळ स्पेसिफिकेशनप्रमाणे पाठवणारी चिप क्लॉक आणि डेटा एकाच क्षणी बदलते. पाठवणाऱ्याच्या पिनवर दोघांतला फरक अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत असावा, आणि घेणाऱ्याच्या पिनवर क्लॉक डेटापेक्षा १.० ते २.६ नॅनोसेकंद मागे असावा. मधली ही तफावत कुणीतरी भरून काढावी लागते. ४ नॅनोसेकंदांच्या खिडकीच्या मध्यावर कड पडावी म्हणून ती साधारण २ नॅनोसेकंद धरतात.

पूर्वी हे काम पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, करायचा. एफआर-४ बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात अंदाजे १५ सेंटिमीटर जातो, म्हणजे २ नॅनोसेकंदांसाठी क्लॉकची तार जवळपास ३० सेंटिमीटर जादा नागमोडी फिरवावी लागायची. २००२ मध्ये आलेल्या आरजीएमआयआयच्या २.० आवृत्तीने हा डिले चिपच्या आत देण्याची सोय मानकात आणली, आणि आज बहुतेक बोर्ड तीच वापरतात. घोळही तिथूनच सुरू झाला, कारण आता डिले देऊ शकणारे तिघे झाले: पीसीबी, मॅक आणि फाय.

कोणीच दिला नाही तर कड नेमकी डेटा बदलण्याच्या क्षणावर पडते. दोघांनी दिला तर ४ नॅनोसेकंद होतात, आणि कड पुढच्या बदलाच्या क्षणावर जाऊन बसते. दोन्हीचा परिणाम सारखाच भिकार.

लिंक अप असूनही पिंग का जात नाही

लिंक ठरते ती आपली फाय आणि समोरच्या स्विचची फाय यांच्यात, केबलवरून. आरजीएमआयआयच्या तारांना त्यात काहीच काम नसतं. फायचे रजिस्टर वाचले जातात एमडीआयओ या वेगळ्या, संथ बसवरून. म्हणून वेग, डुप्लेक्स, दिवे सगळं बरोबर दिसतं आणि तरी एकही फ्रेम पलीकडे पोचत नाही.

यातूनच पहिली आणि सर्वांत स्वस्त चाचणी मिळते. १०० एमबीपीएसला क्लॉक २५ मेगाहर्ट्झ होतो, आवर्तन ४० नॅनोसेकंदांचं होतं आणि दोन्ही कडांवर वेगळा डेटा पाठवायची गरज राहत नाही. तिथे दोन-चार नॅनोसेकंदांची चूक बऱ्याचदा खपून जाते. म्हणून आधी इथटूलने फक्त १०० ची जाहिरात करायला लावा: 'इथटूल -एस इथ० ॲडव्हर्टाइज ०x००८' (इथला एस लहान लिपीतला, मोठ्या एसचा अर्थ वेगळा आहे, तो पुढे येईल). १०० वर पिंग सुरळीत आणि १००० वर बंद, असं दिसलं तर संशयाचं बोट सरळ डिलेकडे जातं. १०० वरही काहीच जात नसेल तर आधी आयओ व्होल्टेज, पिनमक्स (कोणत्या पिनला कोणतं काम दिलंय ते) आणि मॅकच्या क्लॉकचा स्रोत बघा. त्याआधी डिलेला हात लावण्यात अर्थ नाही.

चार मोड, आणि त्यांचा खरा अर्थ

फाय-मोडमध्ये आरजीएमआयआयचे चार पर्याय येतात: आरजीएमआयआय, आरजीएमआयआय-आयडी, आरजीएमआयआय-आरएक्सआयडी आणि आरजीएमआयआय-टीएक्सआयडी. आयडी म्हणजे इंटर्नल डिले. टीएक्स आणि आरएक्स या दिशा नेहमी मॅकच्या बाजूने मोजायच्या: टीएक्स म्हणजे मॅककडून फायकडे, आरएक्स म्हणजे फायकडून मॅककडे. फायच्या डेटाशीटमध्येही नावं तशीच असतात, त्यामुळे फायसाठी टीएक्सडी या पिन इनपुट असतात. इथे अनेकांची गल्लत होते.

या चार नावांचा अर्थ कर्नलच्या कागदपत्रांत बराच काळ फायच्या नजरेतून दिलेला होता: आयडी म्हटलं की फायने दोन्ही डिले द्यायचे, नुसतं आरजीएमआयआय म्हटलं की फायने काहीच द्यायचं नाही. मग उरलेला डिले मॅक देणार की पीसीबी, हे संदिग्ध राहायचं आणि प्रत्येक मॅक ड्रायव्हर आपापला अर्थ लावायचा. २०२५ मध्ये इथरनेट-कंट्रोलरच्या बाइंडिंगमध्ये (डिव्हाइस ट्रीत काय लिहायचं हे सांगणाऱ्या कागदपत्रात) खुलासा जोडला गेला. त्यानुसार डिव्हाइस ट्रीतला फाय-मोड पीसीबीचं वर्णन करतो. 'आरजीएमआयआय' म्हणजे दोन्ही क्लॉकच्या तारा पीसीबीवर मुद्दाम लांब केल्या आहेत आणि डिले तिथेच मिळतो. 'आरजीएमआयआय-आयडी' म्हणजे पीसीबी काही देत नाही, मॅक आणि फाय यांनी मिळून द्यावा, आणि शक्यतो फायने. आरएक्सआयडी म्हणजे आरएक्सचा डिले चिपांनी द्यायचा, कारण टीएक्सचा पीसीबी देतो. टीएक्सआयडी त्याच्या उलट.

व्यवहारात याचा अर्थ असा की आजच्या साध्या बोर्डावर, जिथे सगळ्या तारा सारख्या लांबीच्या आहेत, उत्तर जवळपास नेहमी 'आरजीएमआयआय-आयडी' हेच असतं. दुसरं काही लिहायचं असेल तर त्याचं कारण टिप्पणीत द्या. रिव्ह्यू करणारे ते हमखास विचारतात.

जुनी उदाहरणं बघून मात्र फसू नका. रास्पबेरी पाय ४ च्या डिव्हाइस ट्रीमध्ये आरएक्सआयडी आहे, आणि त्याचा अर्थ पीसीबीवर लांब तार आहे असा नाही: तिथे टीएक्सचा डिले मॅक देतो. रॉकचिपच्या कित्येक बोर्डांत नुसतं 'आरजीएमआयआय' दिसतं आणि त्याखाली टीएक्स_डिले, आरएक्स_डिले असे हेक्साडेसिमल आकडे असतात. तिथे मॅकच दोन्ही डिले देत असतो. असे तुकडे आपल्या फाइलमध्ये चिकटवले की दुसऱ्याच्या बोर्डाचा हिशेब आपल्या गळ्यात पडतो.

पहिली पायरी: कागदावरचा तक्ता

स्किमॅटिक, लेआउट आणि दोन्ही चिपांच्या डेटाशीट समोर घ्या. दोन ओळी आखा, टीएक्स आणि आरएक्स. तीन रकाने: पीसीबी, मॅक, फाय. प्रत्येक ओळीची बेरीज २ नॅनोसेकंदांच्या आसपास यायला हवी.

पीसीबीच्या रकान्यासाठी लेआउट करणाऱ्याला क्लॉक आणि डेटाच्या तारांच्या लांबीतला फरक विचारा. काही मिलिमीटरचा फरक म्हणजे शून्यच. फरक २०-३० सेंटिमीटरचा असेल तर तो मुद्दाम केलेला आहे.

मॅकच्या रकान्यासाठी प्रोसेसरचा टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल. इथे तीन प्रकार भेटतात. काही मॅक डिले देऊच शकत नाहीत. काहींत तो रजिस्टरने चालू-बंद करता येतो. ऑलविनरच्या मॅकमध्ये १०० पिकोसेकंदांच्या पायऱ्यांनी टीएक्सला ७०० पर्यंत आणि आरएक्सला ३१०० पर्यंत जाता येतं. तिसरा प्रकार त्रासदायक: डिले आहे, पण बंद करता येत नाही. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम६२ घराण्यात टीएक्सचा डिले असा कायमचा चिकटलेला आहे.

फायच्या रकान्यात दोन आकडे लिहायचे: रीसेटनंतरचा आणि ड्रायव्हर चालल्यानंतरचा. रीसेटनंतरचा आकडा स्ट्रॅप पिनांवरून ठरतो. रिअलटेकच्या आरटीएल८२११एफमध्ये आरएक्सडी० ही पिन आरएक्सच्या डिलेचा स्ट्रॅप आहे आणि आरएक्सडी१ टीएक्सच्या. रीसेट सुटताना तिथल्या पुल-अप किंवा पुल-डाउन रेझिस्टरप्रमाणे फाय आपला डिले ठरवते. नंतर ड्रायव्हर तो बदलू शकतो.

दुसरी पायरी: डिव्हाइस ट्री

तक्ता झाला की लिहायचं थोडंच उरतं. मॅकच्या नोडमध्ये फाय-मोड आणि फाय-हँडल. एमडीआयओखाली फायचा नोड, त्यात पत्ता, रीसेट जीपीआयओ आणि रीसेटच्या आधी-नंतरचा वेळ. २ नॅनोसेकंदांपेक्षा वेगळा आकडा हवा असेल तर 'आरएक्स-इंटर्नल-डिले-पीएस' आणि 'टीएक्स-इंटर्नल-डिले-पीएस' ही प्रमाणित नावं आहेत, एकक पिकोसेकंद. ती मॅकच्या नोडमध्ये लिहिली तर मॅकला लागू होतात, फायच्या नोडमध्ये लिहिली तर फायला. चुकीच्या नोडमध्ये लिहिली तर बऱ्याचदा काहीच होत नाही आणि कुठे एररही येत नाही.

सगळे ड्रायव्हर ही नावं ओळखतात असं नाही. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या डीपी८३८६७ या फायला 'टीआय' उपसर्गाची स्वतःची नावं आहेत. त्यात पाव नॅनोसेकंदाच्या पायऱ्या आणि ४ नॅनोसेकंदांपर्यंतची मजल. केएसझेड९०३१ ही फाय तर चक्रावून टाकते. तिच्या क्लॉक पॅडला (पिनला) ० ते १८६० पिकोसेकंद असं लिहिता येतं, पायरी ६० ची, पण मध्यबिंदू ९०० वर आहे. म्हणजे ९०० लिहिलं की प्रत्यक्षात शून्य, १८६० लिहिलं की अधिक ९६०. डेटा पॅडचा मध्यबिंदू ४२०. क्लॉक जास्तीत जास्त मागे ढकलला आणि डेटा जास्तीत जास्त पुढे ओढला तरी टीएक्सच्या दिशेत ९६० अधिक ४२०, म्हणजे १३८० पिकोसेकंदच हाती लागतात. २ नॅनोसेकंद नव्हेत, पण १.० ते २.६ च्या मर्यादेत बसतात.

तिसरी पायरी: योग्य ड्रायव्हर खरंच लागला का

ही पायरी वगळून लोक आठवडे घालवतात. फायचा खास ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल तर लिनक्स गुपचूप 'जेनेरिक फाय' लावतो. लिंक येते, वेग दिसतो, सगळं छान. पण जेनेरिक ड्रायव्हरला तुमच्या चिपचे डिलेचे रजिस्टर माहीतच नाहीत, त्यामुळे फाय-मोडमध्ये काहीही लिहा, फायवर परिणाम शून्य. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) फाय जोडली गेल्याच्या ओळीत ड्रायव्हरचं नाव असतं. तिथे जेनेरिक दिसलं तर कर्नलच्या कॉन्फिगमध्ये त्या कंपनीचा फाय ड्रायव्हर चालू करा, आणि नेटवर्कवरून रूट फाइल सिस्टिम घेत असाल तर तो मॉड्यूल म्हणून न ठेवता कर्नलच्या आतच बसवा.

ड्रायव्हरपर्यंत कोणता मोड पोचला हे सिसएफएसमध्ये दिसतं: त्या इंटरफेसच्या फायडेव्ह डिरेक्टरीतली 'फाय_इंटरफेस' ही फाइल वाचा. डिव्हाइस ट्रीतलं आणि तिथलं वेगळं असेल तर मधे मॅक ड्रायव्हरने बदल केला आहे. तो बरोबरही असू शकतो, पुढे येईलच.

रिअलटेकचा ड्रायव्हर आणखी एक मदत करतो. डायनॅमिक डीबग चालू केलं की तो सांगतो की २ नॅनोसेकंदांचा टीएक्स डिले त्याने आत्ता चालू किंवा बंद केला, की तो स्ट्रॅपमुळे किंवा बूटलोडरमुळे आधीपासूनच तसा होता. कागदावरचा तक्ता आणि ही ओळ जुळली पाहिजे. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एमडीआयओची साधनं वापरून आरटीएल८२११एफचं पान डी०८ उघडा: रजिस्टर ११ मधला आठवा बिट टीएक्सचा, रजिस्टर १५ मधला तिसरा बिट आरएक्सचा (हे तिन्ही आकडे हेक्साडेसिमल). बिट शून्यापासून मोजायचे आणि वाचून झालं की पान परत मूळ जागी लावायचं, नाहीतर पुढची रजिस्टरं भलतीच दिसतील.

यू-बूट या बूटलोडरमध्ये पिंग जातं आणि लिनक्समध्ये जात नाही, ही तक्रारही इथेच सुटते. यू-बूटने डिले लावलेले असतात, लिनक्स फायला रीसेट देतो आणि स्वतःच्या समजुतीप्रमाणे पुन्हा लावतो. दोघांची डिव्हाइस ट्री वेगळी असेल तर उत्तरंही वेगळी येणारच.

चौथी पायरी: दिशा वेगळी काढा

टीएक्स आणि आरएक्स स्वतंत्र बिघडतात, म्हणून तपासायचेही स्वतंत्र. समोर एक लॅपटॉप सरळ जोडा आणि त्यावर टीसीपीडंप (आलेली-गेलेली पॅकेट दाखवणारं साधन) चालू ठेवा. बोर्डावरून पिंग सोडा.

लॅपटॉपवर बोर्डाच्या एआरपी विनंत्या दिसताहेत, लॅपटॉप उत्तरही देतोय, पण बोर्डाला ते मिळत नाही: आरएक्स बिघडलंय. बोर्डावर इथटूलच्या मोठ्या एसने आकडेवारी काढा, सीआरसी एररचा (बिघडून आलेल्या फ्रेमचा) आकडा चढताना दिसेल. याउलट बोर्डाचा टीएक्सचा आकडा वाढतोय आणि लॅपटॉपवर काहीच उमटत नाही, किंवा लॅपटॉपच्याच सीआरसी एरर वाढताहेत, तर टीएक्स. दोन्हीकडे शुकशुकाट असेल तर तक्त्यातली दोन्ही बेरीज पुन्हा करा.

ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच, पण कुठे काय दिसणार हे आधी समजून घ्या. फाय आरएक्सचा डिले क्लॉक बाहेर पाठवण्याआधी लावते, म्हणून तो मॅकजवळच्या आरएक्सक्लॉक पिनवर मोजता येतो: डेटाच्या पट्टीच्या मधोमध कड दिसेल. टीएक्सचा डिले मात्र फाय आत घेतल्यावर लावते. फायजवळच्या टीएक्सक्लॉकवर प्रोब लावला तर क्लॉक आणि डेटा एकदम बदलताना दिसतील, आणि तेच बरोबर आहे. तिथेही २ नॅनोसेकंदांचा फरक दिसला तर तो मॅकने किंवा पीसीबीने दिलेला आहे; त्यावर फायही देत असेल तर दुप्पट झाला. प्रोब आणि स्कोप १ गिगाहर्ट्झच्या घरातले हवेत. त्याहून कमी बँडविड्थवर कडा इतक्या गोल होतात की अर्ध्या नॅनोसेकंदाबद्दल काही म्हणता येत नाही.

पाचवी पायरी: बारीक जुळवणी, गरज असेल तरच

बेरीज बरोबर आहे, पिंगही जातं, पण भरपूर ट्रॅफिकवर तुरळक सीआरसी एरर येतात, तेव्हा इथे यायचं. पायरीने बदलता येणारा डिले असेल तर एक दिशा पकडा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. प्रत्येक आकड्यावर आयपर्फ३ यूडीपीने काही मिनिटं चालवा. उलट्या दिशेसाठी मोठ्या आरचा पर्याय. एरर शून्य असलेला सलग पट्टा सापडेल. त्याचा मध्य निवडा. पहिला चालणारा आकडा निवडला तर टेबलावर सगळं ठीक चालतं आणि पेटी बंद होऊन गरम झाली की पॅकेट गळायला लागतात. शक्य असेल तर हीच फेरी गरम आणि थंड बोर्डावर, आणि एकाहून जास्त नगांवर करा.

पट्टा फारच अरुंद निघाला तर सॉफ्टवेअर सोडा आणि तारांच्या लांबीतला फरक, सिरीज रेझिस्टर, ग्राउंड प्लेन यांकडे बघा.

तुम्हीच मॅक ड्रायव्हर लिहीत असाल तर

नियम एकच, पण पाळायला चुकतो. मॅकने एखाद्या दिशेचा डिले स्वतः दिला तर फायला सांगताना तो मोडमधून वजा करायचा. डिव्हाइस ट्रीत आयडी आहे आणि मॅक टीएक्सचा डिले देतो, तर फाय जोडताना आरएक्सआयडी पाठवायचं. दोन्ही देत असेल तर नुसतं आरजीएमआयआय. एएम६२ च्या ड्रायव्हरमध्ये २०२५ मध्ये नेमकी हीच दुरुस्ती झाली: डिव्हाइस ट्रीत बोर्डाचं खरं वर्णन ठेवायचं आणि न बंद होणाऱ्या टीएक्स डिलेचा हिशेब ड्रायव्हरने आतल्या आत करायचा. पर्याय असेल तर मॅकचा डिले बंदच ठेवा आणि काम फायवर सोडा. बहुसंख्य ड्रायव्हर तसेच वागतात, आणि फाय बदलली तरी मॅकच्या कोडला हात लावावा लागत नाही.

आरजीएमआयआय आहे का हे तपासताना चारही मोड धरा. त्यासाठी 'फाय_इंटरफेस_मोड_इज_आरजीएमआयआय' हे तयार फंक्शन आहे. फक्त पहिल्या नावाशी तुलना करणारा कोड आजही सापडतो, आणि आयडी लिहिलं की तिथे क्लॉकच लावला जात नाही.

फाय ड्रायव्हरच्या बाजूने नियम याहून कडक आहे. आलेला मोड कॉन्फिग_इनिटमध्ये (फाय सुरू करताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पूर्ण पाळायचा, म्हणजे मागितलेला डिले चालू करायचा आणि न मागितलेला बंदही करायचा. अनेक ड्रायव्हरांनी दुसरा भाग वर्षानुवर्षं केला नाही, आणि नंतर केला तेव्हा बोर्ड पडले. २०१९ मध्ये एआर८०३१ घराण्याच्या ड्रायव्हरने नुसत्या आरजीएमआयआयला डिले बंद करायला सुरुवात केली. २०२० मध्ये केएसझेड९०३१ ने मोड पाळायला सुरुवात केली. त्याच वर्षी आरटीएल८२११ई मधली डिलेची चूक सुधारली आणि ऑलविनरच्या एकामागून एक बोर्डांचं इथरनेट बंद पडलं: बनाना पाय एम३, क्यूबीट्रक प्लस, पाइन एच६४. त्यांच्या डिव्हाइस ट्रीत नुसतं आरजीएमआयआय लिहिलेलं होतं आणि डिले येत होता स्ट्रॅप रेझिस्टरमधून. ड्रायव्हरने लिहिलेलं शब्दशः पाळलं आणि स्ट्रॅपचा डिले बंद केला. दुरुस्ती प्रत्येक बोर्डासाठी एका शब्दाची होती, 'आयडी'.

तुमचा बोर्ड कर्नल अपग्रेडनंतर असाच पडला असेल तर पॅच उलटवायच्या आधी डिव्हाइस ट्री आणि स्ट्रॅप रेझिस्टर शेजारी ठेवून बघा. आणि उत्पादनात गेलेल्या नगांत जुनी डिव्हाइस ट्री फ्लॅशमध्ये गोठलेली असेल, तर नवा कर्नल आणि दुरुस्त केलेली डिव्हाइस ट्री एकाच अपडेटमध्ये पाठवायची सोय आधी करा. नुसता कर्नल गेला तर नगाचं नेटवर्क जाईल, आणि पुढचं अपडेट त्याच तारेवरून यायचं असेल तर प्रत्येक नगापर्यंत सीरियल केबल घेऊन जावं लागेल.